चतुराबाईचा खुराक

चतुराबाईच्या दावणीचं जित्राब कधी रोडावलं, असं नेकनूरच्या आसपास कुणी म्हणणार नाही. बाईचा जन्म मेंढरांत गेला. नवरा आप्पाराव वर्षातले बरेच महिने कळप घेऊन रानोमाळ फिरायचा आणि घरी मागं राहायच्या त्या अशक्त मेंढ्या, आजारी कोकरं आणि ही. मेंढा सोडायच्या आधी रोडावलेल्या मेंढीला ती बाभळीच्या शेंगा चारायची, भिजवलेला मका चारायची, वर गुळाचं पाणी पाजायची. बघता बघता मेंढीच्या बरगड्या झाकल्या जायच्या आणि मग ती हमखास गाभण जायची. हे तिला आईनं शिकवलं होतं आणि आईला तिच्या आईनं. त्यात काहीच चुकीचं नव्हतं. चूक झाली ती चतुराबाईनं हेच शास्त्र सुनेला लावलं तेव्हा.

सून म्हणजे धनश्री, एकुलत्या एका रामेश्वरची बायको. लग्नाला सात वर्षं होऊन गेली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. गावानं गावासारखंच केलं. बारशाला बोलावलं तरी ओटी भरताना तिला वगळलं, नवरीला हळद लावताना तिला मागं बसवलं. एका लग्नात भावकीतली भिवराबाई जेवता जेवता म्हणाली, "चतुरा, लेकाला दुसरी कर की आता." चतुराबाई भरल्या ताटावरून उठली, सुनेचा हात धरून घरी आली आणि भिवराबाईच्या दाराची पायरी तिनं पुन्हा चढली नाही. धनश्रीनं हे विसरणं शक्यच नव्हतं. सगळा घोटाळा तिथंच झाला म्हणा ना. टोचून बोलणारी सासू असती तर तिला नाही म्हणायला धनश्रीची जीभ उचलली असती. या सासूनं पुढं केलेलं ताट मागं सारायचं कसं?

बीडच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं होतं, की धनश्रीच्या अंडाशयाला बारीक बारीक गाठी आहेत, वजन वाढलंय आणि रक्तातली साखरही. टेस्ट ट्यूबचे उपचार करता येतील, पण त्याआधी अंग तयार व्हायला हवं. गोडधोड आणि तळलेलं बंद. ज्वारीची भाकरी, डाळी, मोडाची मटकी, पालेभाजी, अंडी, दही हे खायचं आणि रोज भरभर चालायचं. रामेश्वरनं हे घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं.

"वजन उतरलं पायजे म्हनत्यात, आई. तूप-गूळ तर बंदच."

"बंद?" चतुराबाई म्हणाली. "अरं, लेकरू काय हाडांच्या मोळीत वाढतंय का? तुजी डॉक्टरीन शहरातली हाय. इचार तिला, रोडकी मेंढी कदी फळलेली बगितली का?"

रामेश्वर दुधाचा टेम्पो चालवायचा. रस्त्यात कुणाशीही वाद घालायला तो मागंपुढं पाहत नसे, पण आईपुढं त्याची गाडी कधी सुरूच झाली नव्हती. तो हसला आणि कामाला निघून गेला. शहाण्या माणसानं तेव्हा हसायला नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून चतुराबाईनं कंबर कसली. डिंकाचे लाडू झाले. सकाळी खारका घातलेलं दूध, दुपारी भाकरी कुस्करून तूप-गुळाचा मलिदा, संध्याकाळी शिरा. स्वतः कोऱ्या चहाबरोबर शिळी भाकरी खायची आणि घरातलं सगळं तूप सुनेच्या ताटात ओतायची. धनश्रीनं एकदा भीत भीत म्हटलं, "आत्या, डॉक्टर रागावतील."

"मला रागवू दे. तू खा माय. कावून घाबरतीस? म्या हाय ना."

धनश्रीनं खाल्लं. तिचे गाल भरले, अंग भरलं आणि चतुराबाई तिच्याकडं बघून मनातल्या मनात दृष्ट काढू लागली.

पुढच्या वेळी बीडला जाताना ती हट्टानं सुनेबरोबर एस.टी.त बसली. डॉक्टरीणबाईंनी नवे रिपोर्ट पाहिले, धनश्रीला वजनकाट्यावर उभं केलं आणि विचारलं, "काय खाताय तुम्ही?" धनश्री खाली बघत राहिली. तेव्हा चतुराबाईनं पदर सावरून, मेंढ्यांचा दाखला देत एकेक पदार्थ अगदी चवीनं सांगितला. शाबासकीच मिळणार याची तिला खात्री होती.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, उपाशी मेंढीला खुराक लागतो हे खरंच आहे. पण हिचं अंग उपाशी नाहीये. ही साखर हिच्या अंगाला पेलत नाही, त्यामुळे बीज नीट तयार होत नाही. आता उपचार पुढं ढकलावे लागतील."

ज्या सुनेसाठी चतुराबाईनं भावकी तोडली, तिची वाट तिनंच अडवली होती. घरी आल्या आल्या तिनं लाडवांचा डबा शेजारच्या छबुबाईच्या पोरांपुढं रिकामा केला आणि चुलीपुढं बसून पदर तोंडाला लावून रडली. धनश्री जवळ येऊन बसली तेव्हा तिला म्हणाली, "मला सांगायचं व्हतंस माय. झिडकारायचं व्हतंस."

"तुमाला कसं झिडकारू, आत्या?"

या बाईचा एक गुण मात्र मानायला हवा. चूक कळली की ती तिला चिकटून बसत नाही. तिनं मटकी भिजवायला घेतली, अंगणात मेथी आणि पालक लावला, दोन गावरान कोंबड्या आणल्या. धनश्रीची भाकरी ती स्वतः थापायची. सुनेच्या ताटात गोड नाही म्हणून तिनं आपल्याही चहातली साखर सोडली. पहाटे दोघी गाडीवाटेनं चालायला निघायच्या. आधी धनश्रीला धाप लागायची, पुढं पुढं चतुराबाईच मागं पडू लागली. "व्हय पुढं," ती म्हणायची, "म्या येते तुज्या मागून." कित्येक महिने असे गेले. धनश्रीचं वजन उतरलं, साखर ताळ्यावर आली, कधी नव्हे ती पाळी वेळेवर येऊ लागली. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. बीज वाढावं म्हणून पोटात सुया टोचून घेण्याचे दिवस आले आणि संपले. बीज चांगलं निघालं, गर्भ तयार झाला आणि एक दिवस तो धनश्रीच्या पिशवीत सोडला गेला.

त्यानंतरचे दिवस चतुराबाई पाय न वाजवता वावरली. सून शिंकली तरी ती हातातलं काम टाकून उठायची. वरणात मीठ किती घालावं, याचाही तिला आता धीर होईना. देवाला मात्र ती रोज एवढंच म्हणायची, की माझ्या हातून काही चुकू देऊ नको.

रक्त तपासायचा दिवस उजाडला. रामेश्वर टेम्पो दुसऱ्याच्या हवाली करून बरोबर आला. दुपारी डॉक्टरीणबाईंनी तिघांना आत बोलावलं आणि सांगितलं, की गर्भ रुजला नाही.

रामेश्वरनं डोळे मिटले. बोलली ती चतुराबाई.

"बाई, काय कमी पडलं? खरं सांगा. म्या परत काय चुकले?"

"काहीच नाही, मावशी. तुम्ही सगळं बरोबर केलं."

"आसं कसं? अंडी जास्त झाली का? का चालवलं म्हून झालं? कायतरी आसंल की."

"खाण्यापिण्यानं अंग तयार होतं. तेवढंच आपल्या हातात असतं. गर्भ रुजेलच असं मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही. कुणाचंही चुकलेलं नाही."

मागं एकदा याच खुर्चीत चतुराबाईवर दोष आला होता आणि तो घेऊन ती घरी गेली होती. पण त्या दोषावर उपाय होता. लाडू बंद करता आले, भाकरी थापता आली, पहाटे उठता आलं. आज दोष नव्हता आणि म्हणून करण्यासारखंही काही उरलं नव्हतं. तिला एवढं हतबल कुणीच कधी केलं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर तिनं दोन्ही हातांनी झेलल्या असत्या.

घरी पोचेपर्यंत अंधार पडत आला होता. रामेश्वर काहीतरी कारण काढून बाहेर गेला. चतुराबाईनं चूल पेटवली, परातीत पीठ घेतलं, पाणी ओतलं आणि तिचे हात पिठातच थांबले. धनश्री दारात येऊन उभी राहिली.

"आत्या," ती म्हणाली, "आता म्या काय खाऊ?"

चतुराबाईनं मान वर केली. हात पिठानं माखलेले होते, तसेच तिनं ते सुनेला कुशीत घ्यायला पसरले.