दोरीखालचा टेका

टप्... टप्... गॅलरीतल्या फरशीवर पाणी ठिबकते आहे. न पिळलेल्या चादरीचे पाणी मोठे संथ असते. एक थेंब काठाशी येतो, फुगतो, रेंगाळतो आणि अगदी नाइलाज झाला की खाली पडतो. साबणाचा ओला, किंचित उग्र दरवळ दारातून आत येतो आहे. चादरीच्या भाराने दोरी मध्यभागी चांगलीच वाकली आहे आणि मी खुर्चीत बसून तिच्याकडे नुसती पाहते आहे. मला ओळखणाऱ्या कुणाचा यावर विश्वास बसणार नाही, कारण झुकलेली दोरी आणि मी, आमचे कधी पटलेच नाही.

शहरातल्या शनवारा वेशीपासून जवळच, तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. उत्तरेकडे तोंड केलेली चिंचोळी गॅलरी. सूर्यनारायण तिथे संकोची पाहुण्यासारखे येतात आणि उंबऱ्यावरूनच परततात. कपडे वाळवायला जागा ती एवढीच! दोन भिंतींत दोन हूक आणि मध्ये नायलॉनची दोरी. नवी असताना काय तिचा तो ताठा! पण थोडे दिवस जातात न जातात तोच तिचे पोट सुटते, साडीचा काठ फरशीला टेकतो आणि धुतलेले पुन्हा धुवावे लागते. या एका दोरीपायी मी केवढे शास्त्र रचले होते म्हणून सांगू! जड कपडे भिंतीलगत, हलके मध्ये. दोन टॉवेल शेजारी शेजारी कधीच नाहीत. हाताला रग लागेपर्यंत पिळल्याशिवाय चादर वर चढवायची नाही. जरा कुठे हयगय झाली की खालच्या मजल्यावरच्या भाभी ओरडत, "दीदी, आपका पानी टपक रहा है, मेरे पापड़ गए सब!" आमचे हे तर म्हणत, हिच्या बापाने हिला सतार शिकवायला हवी होती, सदान्कदा तार कसत असते.

तो बाप, म्हणजे माझे आप्पा, गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे आले. आले कसले, उचलून आणावे लागले. तापीकाठच्या गावात, केळीच्या बागेत ज्यांनी उभा जन्म काढला, त्यांचे उजवे अंग एका सकाळी लुळे पडले. आई आधीच गेलेली, आणि मी एकुलती एक. लेकीच्या घरचे पाणीदेखील संकोचाने पिणारी ती पिढी! उजेड मिळावा म्हणून त्यांची खाट मी पुढच्या खोलीत, गॅलरीसमोर लावली. त्यांच्या चादरी, त्यांची धोतरे, दुपटी रोज धुवावी लागत आणि दोरी रोज लोंबे. दिवसभर त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरे होते तरी काय? दोरी जितकी खाली येई तितका त्यांचा चेहरा उतरे. पुढे पुढे माझ्या ध्यानात आले, की आप्पा पाणी पिईनासे झाले आहेत. पेला पुढे केला की मान वळवून म्हणत, "नको वं माय, तहान नाही." चादर ओली होऊ नये, धुणे वाढू नये, लेकीची दोरी झुकू नये, एवढ्यासाठी माझा बाप तहानलेला राहत होता!

हे उमगले तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. मग पदराने डोळे पुसले आणि दोरी कसायला घेतली. ती त्यांना सरळ दिसली पाहिजे, बाकी मला काही कळत नव्हते. इतकी ताणली, इतकी ताणली, की ओली चादर टाकताच एक हूक प्लास्टरच्या खपल्यासकट भिंतीतून निघाला आणि सगळे धुणे माझ्या डोक्यावर आले. त्या ओल्या ढिगातून मी तोंड बाहेर काढले, तर आप्पा हसत होते. ओठांच्या एकाच कोपऱ्याने, पण हसत होते! जड जिभेने म्हणाले, "तानू नको पोरी. जितकी तानशीन तितकी तुटनार. बीचमधी टेका देनं पडते."

ह्यांनी हूक पुन्हा बसवला आणि डोईफोडिया गावाहून बेचके असलेला एक बांबू आणला. त्याची जागा आप्पांनी खाटेवरून, डाव्या हाताच्या बोटाने ठरवली. "जरासा इकडं... अजून... बस!" बेचक्यात दोरी बसली आणि चादर फरशीपासून वर उचलली गेली. घडाच्या भाराने केळ कलते, कधी मुळासकट आडवी होते, म्हणून तिला बांबूचा टेका देतात, हे तर मी लहानपणापासून पाहत आलेले. पण टेका देण्याची आप्पांची वेळ निराळी होती. इतर लोक झाड कलू लागले की धावत. आप्पा घड नुकता बाहेर डोकावला की टेका लावून मोकळे. त्यांना विचारले तर म्हणाले, "केयीले वजन यायच्या आधी टेका लागते. कलल्यावर लावनं म्हंजे नुसती धावपय." त्या दुपारी त्यांनी आपणहून पाणी मागितले.

त्यानंतरचे दिवस सुखाचे होते असे म्हणू का? म्हणते. धोतर कुठे टाकायचे, चादर किती दुमडायची, यावर बापलेकीची रोज हुज्जत चाले. पण देह आतून विरघळत होता. होळीच्या सुमारास त्यांचे खाणेपिणे खरोखरच आटले, धुणे कमी झाले आणि दोरी हलकी झाली. एका सकाळी ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "अजून एक टेका लाव." मी पाहिले, दोरीवर एक धोतर आणि एक टॉवेल. मला हसूच आले. म्हटले, "आप्पा, आता कसलं वजन आहे तिच्यावर?" ते म्हणाले, "येनार आहे ना. लाव तू." आजारी माणसाचा हट्ट म्हणून मी मच्छरदाणीची जुनी काठी शोधली आणि सुतळीने दोरीला बांधून उभी केली. त्यांनी समाधानाने डोळे मिटून घेतले.

थोड्याच दिवसांत आप्पा गेले. तापीच्या घाटावरून माणसे परतली. अशा वेळी प्रत्येकाने आंघोळ करायची, अंगावरचे सारे भिजवायचे, घरातले अंथरूण-पांघरूण धुवायचे, ही आपली रीत. गावाहून चुलते, आत्या, भाचे, सगळे आलेले. सगळ्यांची ओली धोतरे, लुगडी, पंचे, वर आप्पांच्या चादरी. आणि या चिंचोळ्या गॅलरीत दोरी ती एकच! आत्या म्हणाली, "तुटनार वं ही!" तुटली नाही. रिकामी बादली घेऊन मी आत वळत होते आणि माझी नजर त्या मच्छरदाणीच्या काठीवर पडली. हेच ते वजन! त्यांना ठाऊक होते. आपल्या मरणाची तयारी करणारी माणसे मी पाहिली आहेत. पण आपण गेल्यावर लेकीच्या दोरीवर किती ओले कपडे पडतील, याची काळजी त्या खाटेवर पडून कुणी वाहिली असेल का? मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. वरून सगळ्यांच्या कपड्यांचे पाणी माझ्या अंगावर गळत होते आणि मला कुणी उठवले नाही.

घड उतरला की टेका काढून दुसऱ्या झाडाला लावायचा, ही बागेची रीत. आम्हा दोघांच्या मूठभर कपड्यांना टेका कशाला, म्हणून आज सकाळी मी मन घट्ट करून दोन्ही काढले. दोरी तसूभरही हलली नाही. सरळ, ताठ, रिकामी. जन्मभर मला हवी होती अगदी तशी! तिच्याकडे पाहवेना. मग कपाटातून आप्पांची चादर काढली, धुऊन घडी घातलेली, स्वच्छ. बादलीत बुडवली आणि मुळीच न पिळता दोरीच्या बरोबर मध्यावर टाकली.

तेव्हापासून ही टपटप चालली आहे. खाली भाभींचे पापड वाळत पडले आहेत, पण आज त्यांचा आवाज आलेला नाही. दोरी आणखी जराशी वाकली आहे, चादरीचा काठ फरशीला टेकला आहे. टेकू दे. दोरी झुकली तर झुकू दे, आप्पा. तुम्ही पोटभर पाणी प्या.