नख कापणार नाही

बियाण्याच्या कंपनीनं मला सत्कारासाठी मुंबईला नेलं, कारण भोकरदनकडच्या त्यांच्या कपाशीच्या बीज प्लॉटवर माझं काम सगळ्यात चोख. निघताना मी एकच विचारलं, परवा संध्याकाळी परत सोडाल ना? कळ्या कुणासाठी थांबत नाहीत.

हॉटेल फोर्टातलं, शंभर वर्षांच्या वरचं. संगमरवरी जिना, लिफ्टला पितळी जाळी, आणि खोलीत एकट्या बाईसाठी पाच टॉवेल. मी काय अख्खी गल्ली घेऊन अंघोळीला आले होते? पलंगावर मात्र ऐसपैस झोपले. लाजायचं कशाला, बोलावलं त्यांनीच होतं.

सकाळी कार्यक्रमाआधी आयोजकांची एक पोरगी पावडर, कंगवा आणि छोटी कात्री घेऊन आली. माझा पदर नीट केला, हात हातात घेतला आणि थबकली. उजव्या अंगठ्याचं नख मी आषाढापासून वाढवलेलं, कळ्यांच्या रसानं काळं पडलेलं.

"मावशी, हे कापूया. फोटोत घाण दिसेल."

माझं डोकंच फिरलं. याच नखानं मी संध्याकाळी कळी सोलते, आतले पुंकेसर काढते आणि सकाळी तिला दुसऱ्या झाडाचे पराग लावते. आत जरा इजा झाली की बोंड गळतं. ब्लेडनं ते साधत नाही. नख गेलं म्हणजे माझा हंगाम गेला.

"न्हाई कापणार. घासून घासून धुतलंय, ते काळं निघतच न्हाई."

"पण साहेबांनी सांगितलंय..."

"मंग साहेबाला म्हणावं, फोटो काप."

स्टेजवर मी तशीच गेले. शाल घेतली आणि सगळ्यांना दिसेल असा नमस्कार केला.

पंधरा दिवसांनी कंपनीचे साहेब त्या सत्काराच्या फोटोची फ्रेम घेऊन प्लॉटवर आले. फोटोत माझा चेहरा होता, खांद्यावरची शाल होती, वरचं झुंबर तर अख्खं आलं होतं. हात मात्र कापले होते. मला भयंकर राग आला. मग फ्रेम त्यांच्याच हातात ठेवली.

"साहेब, ज्या हातांसाठी मला नेल्तं, तेच न्हाईत यात. हातासकट आणा. तवर दुसरी बाई पाहा."

मी बांधावर जाऊन बसले. मागोमाग एकेक करत सगळ्याच बायका ओळींतून बाहेर आल्या. साहेबांनी तिथूनच मुंबईला फोन लावला.