कडुलिंबाखालचा चौकोन

"घरात कोविड ड्युटी कोणाकोणाची आहे? हात वर करा."

सरांनी विचारलं आणि दोन हात वर गेले. एक सईचा, एक माझा.

जुळे सोलापुरातलं मैदान. पहिला लॉकडाऊन उठला होता आणि आमच्या हॉकी क्लबचं निवड शिबिर सुरू झालं होतं. मैदानावर फक्कीनं चौकोन आखलेले, एकेकीला एक. आम्ही सगळ्या मुली तोंडाला मास्क बांधून आपापल्या चौकोनात उभ्या. सई आमची फॉरवर्ड. तिचे वडील डॉक्टर. सर म्हणाले, "टाळ्या वाजवा सगळ्यांनी. हिच्या घरचा माणूस जीव धोक्यात घालतोय." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, जोरजोरात. आता माझी पाळी येणार असं मला वाटत होतं.

"आणि तुझं कोण गं?"

"आई. कोविड वॉर्डात आहे."

"सिस्टर?"

"नाही सर. सफाईला."

टाळ्या वाजल्या नाहीत. सरांनी माळीमामांना हाक मारली. मामा फक्कीचं घमेलं घेऊन मैदानाच्या पार टोकाला गेले आणि कडुलिंबाखाली एक चौकोन आखून आले. सर म्हणाले, "तू तिथं थांब. मनाला लावून घेऊ नको. प्रोटोकॉल आहे."

मी काय केलं? बॅग उचलली आणि गेले. जाताना "थँक्यू सर" म्हणाले. ते थँक्यू आजही आठवलं की कान गरम होतात.

मी गोलकीपर. सतरा वर्षांची होते. दोन वर्षं त्या टीमचा गोल मी सांभाळला होता. पॅड बांधून, हेल्मेट चढवून मी गोलसमोर उभी राहिले की पुढच्या चार पोरी माझ्या ओरडण्यावर हलायच्या. सईलासुद्धा मी ओरडायचे आणि ती ऐकायची. क्लबकडं कीपरचा एकच किट होता आणि तो माझ्या अंगाच्या मापाचा झाला होता. त्या दिवशी तो किट उन्हात पसरून त्यावर औषध फवारलं. मग बचावाला खेळणाऱ्या एका मुलीला घातला. ती बिचारी चेंडू आला की डोळे मिटायची. सई मात्र सगळ्यांच्यात खेळत होती, सगळ्यांची बाटली तोंडाला लावत होती. तिच्या वडिलांचा वॉर्ड आणि माझ्या आईचा वॉर्ड एकच होता.

मी तपासणी करून घेतली. रिपोर्ट निगेटिव्ह. धावत घेऊन गेले. सर म्हणाले, "हातात नको. तिथं दगडाखाली ठेव." ठेवला. सुटायची वेळ झाली तरी तो दगडाखालीच होता.

चौथ्या दिवशी सर लांबूनच म्हणाले, "एक अर्ज लिहून दे. वैयक्तिक कारणास्तव शिबिराला गैरहजर राहत आहे, असं. तुझ्या नावाला डाग नको म्हणून सांगतोय."

माझं अक्षर चांगलं. शाळेत फळ्यावरचा सुविचार मीच लिहायचे. मी अर्ज लिहिला, एकही खाडाखोड न करता. खाली 'आपली आज्ञाधारक'. मी तो समोर धरला, सरांनी लांबूनच वाचला आणि म्हणाले, "अक्षर सुरेख आहे हां तुझं."

आम्ही बौद्ध. सरांनी मला जात कधी विचारली नाही. विचारायची गरजच नव्हती, रजिस्टरात आडनाव होतं. तोवर हेच सर मला "वाघीण" म्हणायचे, खांद्यावर थाप मारायचे. म्हणून तर मला वाटत राहिलं की खरंच प्रोटोकॉल असेल, आपलंच काहीतरी चुकत असेल. सगळा दोष मी घरी घेऊन आले आणि जी दारात भेटली तिच्या अंगावर टाकला.

आई दारातच होती. ड्युटीवरून आलेली. घराबाहेरच्या मोरीत अंघोळ करून, कपडे ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवूनच ती आत यायची. तिच्याइतका प्रोटोकॉल त्या मैदानावर एकालाही येत नव्हता. पीपीई कुठून काढायचा, हातमोजे आधी का गॉगल आधी, सगळं पाठ. सर ताप मोजायची बंदूक मनगटाला लावतात म्हटल्यावर ती हसली होती. "मनगटाला? मग पायाच्या अंगठ्याला बी लावा म्हणावं की."

"का गं, लवकर आलीस?" तिनं विचारलं.

"तुझ्यामुळं."

एवढंच बोलले. ती मोठ्यानं रडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती "व्हय?" म्हणाली आणि बाजूला सरकली.

त्या दिवसापासून मी आईचं ताट वेगळं काढलं. तिचा प्याला वेगळा. जेवण वाढून मी ताट बाहेरच्या पायरीवर ठेवायचे आणि आत येऊन दार लोटायचे. ती पायरीवर बसून जेवायची. गल्लीतली माणसं जाता-येता बघायची. कामाचा युनिफॉर्म दोरीवर वाळत घालू नको, असंही मी तिला सांगितलं. कोपऱ्यावर माझी वाट बघत थांबू नको, असंही. तिचाही रिपोर्ट निगेटिव्ह होता. मला तो माहीत होता. मीच तो वाचून दाखवला होता.

ताट वेगळं काढल्याच्या पाचव्या दिवशी मी ते पायरीवर ठेवून वळले तेव्हा ती म्हणाली, "थांब की जरा."

मी थांबले.

"आजाराला भिऊन ठिवलं असतंस तर म्या काय बी म्हटलं नसतं. वॉर्डात म्या बी भिते. पर तू भिऊन न्हाय ठिवलं. तू लाजून ठिवलंस."

माझी नजर तिच्या ताटावर गेली.

"माज्या आजीचं ताट पाटलाच्या पायरीवर असायचं. ती सांगायची आमाला. पर ते पाटलाचं घर हुतं गं."

तिनं भाकरी मोडली आणि जेवायला लागली. रागावली नव्हती. थकली होती, बारा तास उभी राहून आली होती. मी उंबऱ्यात उभी होते. सरांनी मला ज्या चौकोनात उभं केलं, तोच मी घरी आणून दारात आखला होता. आणि सरांना निदान माळीमामांना सांगावं लागलं. मी माझ्या हातानं केलं.

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले आणि तिच्या ताटातला घास घेतला.

"आदी हात धुऊन ये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानावर गेले. कडुलिंबाखाली गेले नाही. सरळ गोलपोस्टसमोर जाऊन उभी राहिले. पायाला पॅड नाही, डोक्याला हेल्मेट नाही, मास्क तेवढा होता. खेळ थांबला. सर शिट्टी वाजवत आले.

"बाहेर हो."

"माझा अर्ज परत द्या सर."

"तो फाइलला लागला."

"मग हा दुसरा घ्या."

घरून लिहून आणला होता, सोबत झेरॉक्सही. त्यात लिहिलं होतं: मी गैरहजर नव्हते. माझ्याकडून अर्ज लिहून घेतला तोवर मी रोज मैदानावर होते, मला बाहेर ठेवलं. माझा रिपोर्ट निगेटिव्ह आहे. माझी आई कोविड वॉर्ड साफ करते. त्याच वॉर्डात काम करणाऱ्या डॉक्टरांची मुलगी खेळते आहे. या वेळी 'आज्ञाधारक' लिहिलं नव्हतं.

सरांनी कागद हातात घेतला. पहिल्यांदाच घेतला. वाचून म्हणाले, "डॉक्टरांचं वेगळं असतं. तुला कळणार नाही. कशाला स्वतःचं करिअर खराब करतेस?"

"काय वेगळं असतं सर?"

त्यांनी कागदाची घडी घातली. सई स्टिक धरून जमिनीकडं बघत होती. एकही मुलगी बोलली नाही. मला त्यांचा राग आला, पण आठवड्याभरापूर्वी मीच टाळ्या वाजवत होते.

"पोच द्या. मग बाहेर होते."

ऊन चढेपर्यंत मी तिथं उभी होते. सरांनी ओरडून बघितलं, समजावून बघितलं, घरी फोन करायची धमकी दिली. "करा की, आई ड्युटीवर आहे," मी म्हणाले. रडू येत होतं आणि मास्कमुळं कुणाला दिसत नव्हतं. शेवटी त्यांनी माझ्याच पाठीवर... नाही, गोलच्या खांबावर कागद टेकवून झेरॉक्सवर 'मिळाले' लिहिलं आणि सही केली. माझ्या पाठीला त्यांनी हात लावला नसता.

माझी निवड झाली नाही. पुढच्या वर्षी माझं वय त्या गटातून निघून गेलं. त्यांच्या फाइलला अजून माझ्या सुरेख अक्षरातला पहिला अर्जच असेल, वैयक्तिक कारणास्तव.

आता मी एका शाळेच्या मैदानावर मुलींना गोलकीपिंग शिकवते. मैदान आखायला फक्कीचं घमेलं माझ्याच हातात असतं. आई अजून सफाईलाच आहे. तिचा युनिफॉर्म दारासमोरच्या दोरीवर वाळतो, रस्त्यावरून दिसेल असा. मीच घालते वाळत. त्या पाच दिवसांबद्दल ती कधी बोलत नाही. मी एकदा माफी मागायला गेले तर म्हणाली, "भाजी करपायलीय, बघ जा." माफ केलं असंही म्हणाली नाही. तिनं म्हणावं अशी माझी अपेक्षाही नाही.

सरांनी केलं त्याची पोच माझ्याकडं आहे. मी आईला केलं त्याचा कागद कुठंच नव्हता. तो आज मी लिहिला.

यापुढं नियमाचं, काळजीचं, आजाराचं नाव घेऊन कुणी एकीला बाजूला उभं करायला लागलं, तर मी विचारणार, हे सगळ्यांना आहे का? उत्तर मिळेपर्यंत तिथून हलणार नाही. आणि ते घमेलं माझ्या हातात असेल, तर आधी स्वतःला विचारणार.