दगडावरची पिशवी

मी नर्स आहे. वीसहून जास्त वर्षं वॉर्डात गेली. रात्रपाळीला शवागाराच्या बाजूनं एकटी चहाला जाते आणि तिथल्या कुणी मला आजवर हटकलेलं नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचताना निम्म्या लोकांना मी मनातल्या मनात बीपी-शुगर तपासायला पाठवते. त्यामुळे स्वतःच असं काही लिहायला बसले याचं मलाच हसू येतंय... पण हे आमच्या गाडीतल्या सगळ्यांनी पाहिलंय आणि मी तर हातात धरलंय. नावं बदलली आहेत. बाकी घडलं तसं.

राहायला मी विट्यात, नोकरी कराडला. सकाळची पहिली एसटी. या गाडीत नवखा माणूस क्वचितच. कारखान्यातल्या पाळीवाले, कापडदुकानातल्या मुली, दोन शिपाई, आम्ही नर्सेस, आणि वाटेत फाट्याफाट्यावर चढणाऱ्या बायका. या बायकांचं मला फार कौतुक आहे. जनावरांचं शेण काढून, दूध घालून, घरच्यांच्या भाकऱ्या थापून त्या गाडी गाठतात, आणि गाडीत बसल्यावर झोपतात म्हणाल तर तेही नाही — लसूण सोलतात.

कडेगावच्या अलीकडे एका फाट्यावर हिराबाई चढायची. धनगराघरची. नवरा मेंढरं घेऊन वर्षातला निम्मा काळ बाहेर, वस्तीवर ही आणि सासू. कराडात कॉलेजच्या मुलांच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची.

आता त्या फाट्याची रीत सांगते. वस्तीवरची वाट डांबरी रस्त्याला मिळते तिथं किलोमीटरचा दगड आहे. हिराबाई आली की आधी डब्याची पिशवी दगडावर ठेवायची आणि पलीकडं डेअरीत दूध घालायला जायची. दगडावर पिशवी दिसली की गाडी थांबणार, हॉर्न वाजणार, हिराबाई किटली हलवत पळत येणार. पिशवी नसेल तर ड्रायव्हर ब्रेकला पाय लावायचा नाही. दुसऱ्याच्या पिशवीला कुणी हात लावत नाही आणि पिशवीवाल्याला टाकून गाडी जात नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, पण डेपोच्या टाइमटेबलापेक्षा जास्त पाळलं जातं.

गणपती उठून आठवडा झाला असेल. नेहमीसारखं उजाडलेलं, स्वच्छ. दगडावर पिशवी होती. हिराबाईची वायरची हिरवी-पिवळी पिशवी, एका बंदाला इरकल लुगड्याच्या काठाची चिंधी गुंडाळलेली. तात्यांनी — आमचे ड्रायव्हर — गाडी थांबवली, हॉर्न दिला. कुणी आलं नाही. पुन्हा दिला.

"बाळू, डेअरीत बघ रं," तात्या म्हणाले.

बाळू कंडक्टर जाऊन आला. "आज तिचं दूध आलंच न्हाई म्हणत्यात. चला तात्या, लेट झालं की मला बोलणी."

"पिशवी हाय म्हंजे बाई हाय."

"आवं, मग दिसत का न्हाई बाई?"

"ते तू हुडक. मी गाडी हलवत न्हाई."

मागून कुणीतरी म्हणालं, "पिशवीलाच तिकीट फाडा आणि चला." गाडी हसली. मला काही हसू आलं नाही, माझी ड्यूटी होती. मी मोबाईल लावला. हिराबाई तिचा फोन घरीच ठेवते, नवऱ्याचा आला तर सासूला घेता यावा म्हणून. म्हातारीनंच उचलला.

"आवं ती कवाच गेली की! दूध घिऊन गेली."

मी खाली उतरले. वस्तीवरून निघाली, डेअरीत पोचली नाही, आणि पिशवी इथं. काही विसरलं म्हणून परत फिरली असेल असं मला वाटलं. पण पिशवी नक्की तिचीच ना, म्हणून मी ती उचलली. डबा जड होता, आणि खालून गरम. तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा गरमपणा बाईमाणसाला वेगळा सांगावा लागत नाही. पिशवी होती तशी दगडावर ठेवली आणि बाळूला घेऊन वस्तीच्या वाटेनं चालू लागले. मागोमाग कारखान्यातले दोघं आले.

वाट ओढ्यात उतरते. तिथं कडेला बाभळीला टेकून हिराबाई बसली होती. किटली आडवी, दूध सांडलेलं. उजवा पाय घोट्यापर्यंत टम्म सुजलेला.

"फुरसं," ती म्हणाली. "गवतात हुतं."

"ओरडलीस का नाही?"

"कोण ऐकतंय हितं? आणि तुमीच म्हणाला हुता न्हवं का गाडीत, साप चावल्यावर पळायचं न्हाई, गुमान बसायचं? तशी बसले." मग डोळे मिटून म्हणाली, "पिशवी दगडावर न्हाई, आज गाडी थांबायची न्हाई... एवढंच डोक्यात घोळत हुतं."

तेव्हा मी तिच्या मांडीकडं पाहिलं. पिशवी तिच्या मांडीवर होती. हिरवी-पिवळी वायर, बंदाला इरकलची चिंधी. सांडलेल्या दुधानं भिजलेली. बाळूनंही पाहिली. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं.

"आधी हिला उचला," मी म्हणाले.

पायाला काठी बांधून तो हलणार नाही असा केला. गाडीतल्या एका म्हाताऱ्याचं घोंगडं आणलं आणि चौघांनी तिला झोळी करून रस्त्यावर आणलं. गाडीत चढवताना मी दगडाकडं पाहिलं. दगड रिकामा होता.

तात्यांनी मधले सगळे थांबे सोडून गाडी थेट कडेगावच्या सरकारी दवाखान्याच्या दारात नेली. लस लगेच मिळाली. हिरड्यातून रक्त यायला सुरुवात झाली होती, अजून उशीर झाला असता तर काय, ते मी रोज बघते. संध्याकाळपर्यंत सासूला वाटलं असतं सून कराडला आहे, आणि आम्हाला वाटलं असतं आज खाडा केला. शोधायला कुणी गेलंच नसतं. त्या दिवशी अख्ख्या गाडीचा अर्धा दिवस बुडाला. दुकानातल्या मुलींचा तर पगार कापतात. एकीनंही तोंड वाकडं केलं नाही. "हिरामावशी वाचली न्हवं?" एवढंच विचारत होत्या.

पिशवीचं मी नंतर सगळ्यांना विचारलं. तात्या म्हणाले, "कुणी उचलली न्हाई. मी बघत हुतो. तुमी तिकडनं हाक मारली, मान वळवली, परत बघतोय तर दगड मोकळा."

"भीती नाही वाटली?"

"भ्यायचं काय त्यात, सिस्टर? पिशवी हुती, थांबलो."

आमच्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, रोज दिसणारी वस्तू सवयीनं दिसते, सगळ्यांना मिळूनही दिसू शकते. बरोबर असेल. डोळ्यांचं मी मान्य करते. पण मी ती उचलली होती... सवयीला वजन असतं का? आणि सवय गरम लागते का? डेअरीत, आसपासच्या वस्त्यांवर विचारलं, तशी पिशवी दुसऱ्या कुणाची नाही.

दिवाळीच्या आधी हिराबाई पुन्हा कामाला येऊ लागली. पहिल्या दिवशी दगडावर पिशवी, हॉर्न, आणि ही जरा लंगडत, पण पळत. माझ्या शेजारी बसली. तिला तोवर कुणी नीट सांगितलं नव्हतं, मी सगळं सांगितलं. शेवटपर्यंत ऐकलं तिनं, लसूण सोलता सोलता.

"डबा गरम हुता म्हणता?"

"चांगला गरम."

तिनं लसूण बाजूला ठेवला. पिशवी मांडीवर जवळ ओढून घेतली.

"मग सिस्टर," ती म्हणाली, "ती भाकरी खाल्ली कुणी?"