नील बेटावर आलेला आईचा फोन

या ग्रुपवरचे अनुभव मी दोन वर्षं वाचतोय आणि खरं सांगतो, निम्म्यांना हसलोय. मी पॉवरलूमचा मास्टर. मशिन बंद पडलं की त्याला कारण असतंच, फक्त सापडायला वेळ लागतो, असं मानणारा माणूस. आत्मा-बित्मावाल्यांशी कायम हुज्जत घातली, आजही घालीन. तरी लिहितोय, कारण घरात आता कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे, राहायला सुरतेत, बमरोलीला. खाली लूम्सचं खातं, म्हणजे कारखाना, वर आमच्या दोन खोल्या. आई, मी, बायको सुनंदा आणि धाकटा भाऊ गोकुळ. आईचं माझ्याकडे एकच मागणं होतं – शेवटचं पाणी आणि अग्नी थोरल्याच्या हातचा. देवासमोर बसवून माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं तिनं.

मागच्या हिवाळ्यात यार्नवाल्या शेठनं स्कीममध्ये आमच्या खात्याला अंदमानची टूर दिली. दोन जणांची, सहा दिवस. पंधरा वर्षांत मी लांबची सुट्टी घेतली नव्हती म्हणून माझं नाव लागलं. आईला बरं नव्हतं, मी नको नको म्हणत होतो. तिनंच मला आणि सुनंदाला ढकलून पाठवलं.

पहिला दिवस पोर्ट ब्लेअरच्या बाजारात गेला. दुसऱ्या दिवशी पहाटेच बाराटांगला निघालो. आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांचा ताफा, मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. पुढे खारफुटीतून बोट, फांद्या इतक्या खाली की वाकून बसावं लागतं. दिवसभर रेंज नाही. संध्याकाळी हॉटेलवर आलो आणि सुनंदाच्या फोनवर गोकुळचा कॉल आला. ती गॅलरीत जाऊन बोलली. बराच वेळ बोलली. आत येऊन म्हणाली, "घरी सगळं ठीक आहे." मी गोकुळला लावला तर तो म्हणाला, "आई झोपली आहे दादा. तू मजा कर."

तिसऱ्या दिवशी बोटीनं नील बेटावर गेलो. दुपारचे चार वाजले असतील, लख्ख ऊन. झाडाखाली आम्ही दोघं शहाळं पीत बसलो होतो. फोन वाजला. स्क्रीनवर – आई. मला आप्पा म्हणणारी ती एकटीच, आणि बोलणं नेहमीसारखं गावाकडच्या बोलीत.

"आप्पा, समिंदर देखा का रे?"

"देखा ना आई. तुन्ही तब्येत कशी शे?"

"मी बरी शे आते. काही दुखत नही. तू आरामशीर फिरी ये, घाई करू नको."

मागे खात्याचा खडखडाट चालू होता. त्यात सात नंबरच्या मशिनचा जादाचा ठोकाही होता. ते मशिन जुनं आहे, माझ्या हाताखालचं, झोपेतही ओळखेन. मला बरं वाटलं, म्हटलं कुणीतरी चालवतंय. मी फोन सुनंदापुढे धरला, "घे, आई आहे." तिनं घेतला नाही. शहाळं तिथंच टाकून उठली आणि पाण्याकडे चालायला लागली. सासू-सुनेचं काहीतरी बिनसलं असेल, एवढंच मला वाटलं.

पुढचे तीन दिवस ती माझ्यासोबत फिरली, जेवली, फोटोत हसली. ते फोटो अजून माझ्याकडे आहेत.

सुरत विमानतळावर गोकुळ घ्यायला आला. डोक्यावर टोपी. हा पोरगा उन्हातसुद्धा टोपी घालत नाही. मी हातानं काढली. डोकं गुळगुळीत.

आई आम्ही बाराटांगला होतो त्याच दिवशी सकाळी गेली होती. दुपारी अग्नी, तिसऱ्या दिवशी राख तापीत. सगळं गोकुळच्या हातनं.

"तू पोचणार कधी होतास दादा? जन्मात पहिल्यांदा फिरायला गेलेला, रडत कशाला बोलवायचं?" असं तो म्हणाला. म्हणजे माझ्या आईचं जाणं माझ्या सहलीपेक्षा स्वस्त, हे या दोघांनी गॅलरीतल्या फोनवर परस्पर ठरवलं. राग हा शब्द त्याला पुरत नाही.

मग मी बेटावरच्या फोनचं बोललो. गोकुळनं घरी येताच कपाट उघडलं. आईचा फोन ती गेली तेव्हाच बंद करून त्यानं कपाटात ठेवला होता. चालू करून पाहिला, तिकडे कॉलची नोंद नाही. माझ्याकडे आहे – आई, चार वाजून दहा, दोन मिनिटं. आणि सात नंबर? मी टूरला निघालो त्या दिवसापासून ते बंद होतं, माझ्याशिवाय कुणाला ते जमत नाही.

सुनंदाला विचारलं. लूम्समधल्या माणसांचे फोन कायम फुल आवाजावर असतात, तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला कळलंय, आणि कुणाकडून तरी आईंचा आवाज काढून माझी परीक्षा घेताय. नंतर बोलायची हिंमतच झाली नाही."

नेटवर्कची गडबड, जुनं रेकॉर्डिंग, सगळं तपासून झालं. रेकॉर्डिंग "समिंदर देखा का" कसं विचारेल? मला कारण सापडलेलं नाही.

गोकुळला आणि सुनंदाला कधीतरी माफ करीन, एका घरात राहायचंय. पण आईचं काय करू? तिला तर माहीत होतं. आदल्या दिवशीच तिला अग्नी दिला होता, आणि कसाही असो, माझ्यापर्यंत फोन तिनं पोचवला. तेवढ्यात "मी गेले रे, घरी ये" एवढं म्हणता आलं असतं. तीसुद्धा त्यांच्याच बाजूनं बोलली.