आठव्या मिनिटापलीकडचं वावर

माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्रक मी इंग्रजीत लिहिलं. ते जगभर गेलं आणि एका माणसानं वाचलं.

तशी पत्रकं मला नवी नव्हती. घुग्घुसला आमच्या क्वार्टरमध्ये बाबांच्या युनियनची पत्रकं खाटेवर वाळत पडलेली असत आणि कोळशाच्या धुळीनं त्यांच्या कडा काळ्या होत. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. बाबांचा नियम होता: तक्रार लिहायची तर कुठली खाण, कुठली पाळी, कोण साहेब, सगळं लिहायचं. जागा न सांगता केलेली तक्रार म्हणजे कुजबुज. पुढं चंद्रपूरला पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकले तरी हे डोक्यातून गेलं नाही. जाऊ नये असंच मला आजही वाटतं.

वनहक्काचा कायदा नवा होता. कुरखेड्याच्या अलीकडच्या एका गावात आम्ही काही जण दाव्यांचे नकाशे काढून देत होतो. धान कापून झाले होते. जीपीएसचं यंत्र हातात धरून बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या खाचरांच्या, कडेनं चालायचं, कोपरा आला की थांबून बटण दाबायचं, आणि मग लॅपटॉपवरच्या प्रोग्रामनं ते ठिपके जोडून वावर कागदावर आणायचं. प्रोग्राम फुकटचा होता. कुठले कुठले लोक पगार न घेता तो लिहीत. काही बिघडलं तर वापरणाऱ्यांनी ईमेलच्या एका गटावर कळवायचं, जमलं तर दुरुस्तीही आपणच करून पाठवायची. त्या गटावरचं सगळं बोलणं जगाला कायमचं वाचता येई. या पद्धतीवर माझा जीव होता. मालक नाही, कुलूप नाही, जे आहे ते उघड्यावर. मला वाटे, सगळा देश असा चालला पाहिजे.

गावच्या वनहक्क समितीच्या अध्यक्षांच्या ओसरीत आम्ही छापलेले नकाशे मांडले तेव्हा गोंधळ झाला. बाकीची वावरं नीट होती. नाल्यापलीकडं एकाच बाईचं वावर होतं. ते अर्धं जागेवर होतं आणि उरलेल्या अर्ध्याची एक लांब, निमुळती रेघ कागदाच्या डाव्या कडेपर्यंत गेली होती.

"हे काय वो?" बाई वाकून म्हणाली. "माह्या वावराले शेपूट फुटलं?"

"शेपूट कुठी गेलं ते पाय," अध्यक्ष म्हणाले. "सीधं वडश्याकडं. तुह्या बांध्या आता रेल्वेत बसून चालल्या."

सगळे हसले. बाई हसली नाही. "मागं हातानं काढलेला कागद वरून परत आला. आता मशीनचा परत आला तं मी काय दाखवू? सासऱ्यानं झुडपं तोडून काढलेली जमीन आहे ते."

पुढच्या रविवारी ग्रामसभा होती. तिथं नकाशे मंजूर होऊन सगळ्या गावाचे दावे एका गठ्ठ्यात वर जाणार होते. या बाईचा नकाशा असाच राहिला तर गठ्ठा तिच्यावाचून जाणार, आणि एकटीच्या कागदाचं वर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. ते ठिपके मी हातानं सरकवू शकले असते. पण मग यंत्रात एक आणि कागदावर दुसरंच झालं असतं, आणि तो फरक काढायला टपलेली माणसं पुष्कळ होती.

मी कुरखेड्याच्या सायबर कॅफेत बसून गटावर पत्रक लिहिलं. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राबणाऱ्या माणसांचा हक्क तुमच्या निष्काळजीपणानं मारला जातोय, याला जबाबदार कोण, उत्तर द्या! प्रोग्राम सांभाळणारा माणूस कुठल्यातरी थंड देशात शाळामास्तर होता आणि सुटीच्या वेळात हे काम करी. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. झाल्या त्रासाबद्दल त्याला वाईट वाटत होतं. तुम्ही काय केलंत, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एवढं तीन ओळींत सांगा, आणि जी फाइल बिघडते ती जोडा. फाइलशिवाय मला काही करता येणार नाही.

माझा संताप झाला, पण त्याचं म्हणणं बाबांच्याच नियमातलं होतं. मी गावात परत गेले आणि समितीला म्हटलं, ही फाइल पाठवायची आहे.

"फाइलमंधी काय रायते?" अध्यक्षांनी विचारलं.

"बाईंच्या वावराचे कोपरे. जगाच्या नकाशावर ते नेमके कुठं आहेत त्याचे आकडे."

"आन ते कोन पाहीन?"

"कोणीही. तेच तर चांगलं आहे, भाऊ. लपवायचं कशाला? आपली जमीन आहे, छातीठोक सांगू."

त्या गावात कुठल्याही गोष्टीवर हात वर करून मोजत नसत. शेवटचं माणूस 'हाव', म्हणजे हो, म्हणेपर्यंत ठराव होत नसे. एकेकाकडं पाहत अध्यक्षांची नजर बाईपाशी आली.

"नाई," ती म्हणाली.

"बाई, तुमचंच वावर आहे! तुमचाच दावा मागं राहील!"

"म्हनूनच. पोरी, माहं वावर जंगलाच्या पोटात आहे. तिथी मी एकटी असतो. दिवसा पोलिसाईचे गाडीवाले येतेत, कोन कुठी रायते म्हनून विचारतेत. राती जंगलातून दुसरे येतेत, तेही तेच विचारतेत. दोघाईलेही मी आतापर्यंत सांगलं नाई. तू तं साऱ्या दुनियेले सांगून राह्यली."

मी वाद घातला. पहिल्यांदा आवाज चढवून, मग समजावून. म्हटलं, दावा वर गेला की हे कचेरीत सगळ्यांना कळणारच आहे.

"कचेरीतला कागद कपाटात रायते," अध्यक्ष म्हणाले. "एकानं मागतला तं दुसऱ्याले मालूम पडते कोनं मागतला. तुह्या दुनियेत कसं मालूम पडन?"

मला ते पटलं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, आकडे बदलून पाठवते, आकार तोही नाही, जागा तीही नाही, सगळं खोटं.

"खोटं पाठव ना," अध्यक्ष म्हणाले. "खोट्याले कोन अडवते?"

या वेळी बाईही हसली आणि 'हाव' म्हणाली.

मी आठ-दहा कोपऱ्यांचं एक बनावट वावर केलं. बाईच्या वावरातले आकडे घेऊन त्यांत मनाला येईल तसे दुसरे मिळवले आणि फाइल पाठवली. शुक्रवारी उत्तर आलं: तुमची फाइल इथं व्यवस्थित उघडते, नकाशा बरोबर येतो, तक्रार बंद करतो आहे.

मी कॅफेत तशीच बसून राहिले. परवा ग्रामसभा. कॅफेवाले चाचा काउंटरमागून म्हणाले, "बेटा, लाईन जाईन आता. जे हाय ते सेव करून घे." पडद्यावर 'बंद' हा शब्द होता आणि मला त्या मास्तराशी पुन्हा भांडायचं होतं. दोन वाक्यं लिहिलीही. मग थांबले. खरी फाइल बिघडत होती, खोटी चालत होती. दोन्हींत बदल होता तो फक्त आकड्यांचा. म्हणजे खोट वावरात नव्हती, माझ्या चालण्यातही नव्हती. ती आकड्यांत होती, आणि कुठल्या आकड्यांत ते इथं बसून शोधता येत होतं.

लाईन गेली. चाचांनी इन्व्हर्टरवरचं एक मशीन मला सोडलं आणि बाकीच्या पोरांना घरी पाठवलं. मी एकेक आकडा बदलून पाहू लागले. रेखांश अंशांत आणि मिनिटांत लिहितात. मिनिट दहा: ठिपका जागेवर. अकरा: जागेवर. सात: जागेवर. आठ केलं आणि ठिपका उडून डावीकडं गेला. नऊ केलं, तोही गेला. आमचं गाव नेमकं सातव्या आणि आठव्या मिनिटाच्या सीमेवर होतं. ती सीमा नाल्यापलीकडं बाईच्या वावराच्या मधूनच जात होती: अर्ध्यात सात, अर्ध्यात आठ. प्रोग्राम बाईच्या अर्ध्या वावराचं आठवं मिनिट शून्य धरत होता.

कारण प्रोग्रामच्या आत सापडलं. यंत्र आठ हा आकडा शून्य आठ असा लिहून देई. समोर शून्य दिसलं की प्रोग्राम तो आकडा एका वेगळ्या मोजणीतला समजे. कॉम्प्युटरवाल्यांच्या त्या जुन्या मोजणीत सातानंतर आकडेच नसतात. आठ आणि नऊ तिला दिसतच नाहीत. त्या मास्तराच्या गावाचं मिनिट कदाचित चाळीस असेल. मग त्याला हे कधी दिसणार?

दुरुस्ती एका ओळीची होती. मी ती केली, माझ्या लॅपटॉपवरचा नकाशा लगेच सुधारला, शेपूट गेलं. पण मी एकटीनं बदललेल्या प्रोग्रामचा नकाशा म्हणजे फक्त माझा शब्द. उद्या वर कोणी विचारलं की हे खरं कशावरून, तर? मला दुसऱ्या कोणाची तरी तपासणी हवी होती. मी मास्तराला या वेळी तीनच ओळी लिहिल्या, खाली दुरुस्ती जोडली आणि एक फाइल जोडली. तिच्यात चार कोपऱ्यांचं चौकोनी वावर होतं, रेखांशाला आठ मिनिटं, आणि अक्षांश असा की ते लंकेच्या खाली समुद्रात पडावं.

शनिवारचा दिवस मी चाचांच्या बाकावर काढला. दर थोड्या वेळानं ईमेल उघडायची, बंद करायची. त्या मास्तराची सुटी असेल का, तो कुठं बाहेर गेला असेल का, याची मला काहीच कल्पना नव्हती. फुकट काम करणाऱ्याला लवकर कर म्हणून सांगण्याचा हक्क मला आहे का, हे पहिल्यांदाच मनात आलं. आणि नसेल, तर बाईच्या हक्काचं काय? दुपार कलली तरी उत्तर नाही. शेवटची बस पाचला होती. निघायच्या बेतात असताना उत्तर आलं. त्यानं माझी समुद्रातली फाइल तपासली होती, जुन्या प्रोग्रामवर बिघडताना आणि नव्यावर चालताना पाहिली होती. दुरुस्ती घेतली होती. आणखी दोन देशांतल्या माणसांनी खाली लिहिलं होतं की त्यांचेही नकाशे असेच फाटत होते, त्यांना वाटलं त्यांचं यंत्रच खराब आहे. ती सगळी पत्रं मी छापून घेतली आणि बस गाठली.

रविवारी ग्रामसभेत अध्यक्षांनी बाईचा नवा नकाशा उंच धरला. बाईनं तो हातात घेतला, नाला कुठं ते विचारलं, मग बोटानं बांध चालत गेली. एका कोपऱ्यावर थांबली. "हे मोहाचं झाड. हाव. हे आहे माहं."

"आन त्या परदेशातल्या मानसाले काय पाठोलं?" मागून कोणीतरी विचारलं.

"समुद्रातलं वावर," मी म्हटलं.

"समुद्रात धान होते का वो?"

"मिठाचं होत असन," अध्यक्ष म्हणाले. "चला, हाव म्हना, गठ्ठा बांधाचा आहे."

सगळे 'हाव' म्हणाले. बाई म्हणाली नाही.

"तुह्या त्या मशीनमंधी माहं वावर अजून हायेच ना?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, आहे. सगळ्या गावाचं आहे. ठेवायला हवं, कागद हरवले तर पुन्हा चालावं लागेल, पुन्हा वर्ष जाईल. आणि कोपऱ्यांच्या आकड्यांची ही यादी आपण उघड केली तर असल्या दहा गावांना उपयोग होईल, हेही मी म्हटलं. आजही म्हणते. सभा बराच वेळ बोलत राहिली. अखेर असं ठरलं की एक प्रत समितीच्या लोखंडी पेटीत राहील आणि माझ्याकडची पुसली जाईल. माझ्यापुढं वाद घालायला जागा उरली नव्हती. ग्रामसभेच्या हक्कासाठी मी आले होते, आणि ग्रामसभा समोर बसून तोच वापरत होती.

मी पेटीसाठीची प्रत काढून अध्यक्षांच्या हातात दिली आणि जीपीएसच्या यंत्रातले ठिपके पुसले. मग लॅपटॉप बाईच्या पुढ्यात ठेवला. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला, तो मी तिला मराठीत वाचून दाखवला: हे कायमचं पुसायचं, नक्की?

"कुठी दाबू?"

मी दाखवलं. तिनं दाबलं.

"गेलं?"

"मशीनमधून गेलं. पण मला माहीत आहे, बाई. मी ते पायानं चालले आहे."

तिनं माझ्याकडं एकदा नीट पाहिलं. "मंग तुले जेवू घालाव लागते," ती म्हणाली, आणि अध्यक्षांना 'हाव' सांगून माणसांतून वाट काढत घराकडं निघाली.