करड्या सायकलचा चिमटा

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. अण्णा होते तेव्हा त्यांच्याजवळ नाही आणि ते गेल्यावर त्यांच्या फोटोसमोरही नाही. बोलून मोकळं व्हावं असा माझा स्वभाव नाही. मोकळं होऊन करायचं काय? दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचंच असतं. तरी आज तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका — मलाही नीट माहीत नाही.

आमचं रत्नागिरीत सायकलचं दुकान आहे. विक्री थोडी, दुरुस्ती जास्त. बारावीनंतर मी दुकानात बसले ती बसलेच. आई तोवर गेली होती, अण्णांचा उजवा हात अर्धांगाच्या झटक्यानंतर पाना धरेनासा झाला होता, आणि संगी — माझी बहीण — माझ्याहून बारा वर्षांनी लहान. कुणीतरी बसायला हवंच होतं. मी काम शिकले आणि चांगलं शिकले. चाकाची आऊट काढण्यात, म्हणजे डुलणारं चाक तारा ताणून सरळ करण्यात, माझा हात अण्णांपेक्षा हलका आहे, असं ते स्वतः म्हणायचे.

सायकलचं माप कसं बघतात, माहीत आहे? अगदी सोपं आहे. चालवणाऱ्याने सायकलच्या बाजूला उभं राहायचं, हात सरळ करून बोटांची टोकं पॅडल जिथे फिरतं त्या मधल्या आखाला लावायची. सीट बरोबर काखेत आली पाहिजे. मग कोपर सीटच्या टोकाला टेकवून हात पुढे करायचा, बोटं हँडलपाशी पोचली पाहिजेत. बस. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी असंच मापते. पोराला, म्हाताऱ्याला, गल्फमधून सुट्टीवर आलेल्यालाही.

हे आधी सांगते आहे, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल — चूक झाली असेल बिचारीची. चूक नव्हती.

अठ्ठ्याण्णव साल. संगी सतरा वर्षांची होती. अण्णांची काळी जड सायकल घेऊन ती सव्वीस जानेवारीच्या शर्यतीत उतरली आणि मुलींमध्ये तर पहिली आलीच, पण अर्ध्या मुलग्यांना मागे टाकून आली. शर्यतीला कोल्हापूरहून एक शिक्षक आले होते. ते दुकानात आले, अण्णांसमोर स्टुलावर बसले आणि म्हणाले, हिच्या पायात ताकद आहे, हिला वाकड्या हँडलची रेसिंग सायकल घेऊन द्या. दिवाळीनंतर कोल्हापुरात निवड आहे. त्यात आली तर पुण्याला वसतिगृह, शिक्षण, सराव, सगळं तिकडेच.

सगळं तिकडेच. हे शब्द मी चाकाला तारा घालता घालता ऐकले. एक तार चुकीच्या भोकात गेली, ती पुन्हा काढली.

संगी हसत होती. अण्णा रडत होते. मी चहा टाकायला आत गेले.

नवी रेसिंग सायकल आम्हाला परवडणारी नव्हती. कोल्हापुरात एका दुकानात जुन्या मिळतात असं कळलं. अण्णांना प्रवास झेपत नव्हता, म्हणून मी आणि संगी पहाटेच्या एस.टी.ने निघालो. निघताना अण्णा पायरीवरून म्हणाले, "वाढत्या अंगाची घे हो. परत परत कुठे घ्यायची?"

हे आमच्या घरातलं नेहमीचं वाक्य. तुमच्याही घरात असेल. संगीचा गणवेश, संगीच्या चपला, संगीचा रेनकोट — सगळं मी वाढत्या अंगाचं घेत आले. जूनमध्ये चपलेच्या पुढे कापूस कोंबायचा, दिवाळीला काढायचा. तिने कधी कुरकुर केली नाही. वस्तू मोठी असली तर आपण तिच्याएवढं व्हायचं, हे तिला मीच शिकवलं होतं.

पण सायकल वाढत्या अंगाची घ्यायची नसते. आणि सतराव्या वर्षी मुलगी किती वाढणार? अण्णा बाप म्हणून बोलून गेले. मी मात्र त्यांचं वाक्य पालीपर्यंत, घाट चढेपर्यंत, सगळा रस्ता मनात घोळवत होते. मला ते उपयोगी पडणार आहे, हे तेव्हाच माहीत होतं का? — होतं. अर्धवट, पण होतं.

कोल्हापूरच्या दुकानात आमच्या आवाक्यातल्या दोनच रेसिंग सायकली होत्या. एक करड्या रंगाची, लहान फ्रेमची. रंग उडालेला, सीट फाटलेली, टायर झिजलेले. दुसरी निळी, मोठ्या फ्रेमची, चकचकीत. दुकानदार बोलका होता. "कोकणातनं आलाय व्हय? तिकडं सपाट रस्ता हाय का कुठं?" संगी म्हणाली, "नाही हो, म्हणून तर आम्ही तुमच्या मुलींना हरवणार." तो खूश झाला. दोन्ही सायकली त्याने बाहेर काढल्या.

संगी आधी करडीजवळ गेली. मी न सांगता तिने हात सरळ केला, बोटं आखाला लावली. सीट काखेत आली. कोपर टेकवलं, बोटं हँडलला लागली. समोरच्या गल्लीत एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "ताई गो, ही माझीच आहे." टायर आणि सीट मी आमच्या दुकानातच बदलू शकले असते. अर्ध्या दिवसाचं काम.

मी पुढे झाले. पुढचं चाक ज्या दोन पायांत बसतं, त्याला आम्ही चिमटा म्हणतो. चाक गुडघ्यांत धरलं, एक डोळा मिटला, वरून चिमट्यावरून नजर टाकली. जीभ टाळूला लावून च्यक केलं. म्हटलं, चिमटा वाकलाय. कधीतरी आपटलेली आहे. उतारावर घात करेल.

दुकानदार चिडला. "चिमटा सरळ हाय ओ ताई, दोरी लावून दावू का?"

"मला नका शिकवू," मी म्हटलं. "सायकलींतच जन्म गेलाय माझा."

त्याने करडी भिंतीला लावली. संगीने माझ्याकडे किती कौतुकाने पाहिलं! तिच्या ताईने कोल्हापूरच्या माणसाला गप्प केलं होतं.

चिमटा वाकलेला नव्हता. दोरीसारखा सरळ होता. मला तो सरळ दिसत होता आणि मी तो वाकडा आहे म्हणाले.

निळीवर बसवलं तेव्हा तिला अंग सगळं पुढे झोकावं लागत होतं. सीट पार खाली केली तरी पॅडल खाली गेलं की तिची कंबर एका बाजूला कलत होती. "मोठी होते का गो?" तिने विचारलं. मी म्हटलं, "अण्णांनी सांगितलंय ना, वाढत्या अंगाची." तिने मान डोलावली. निळी एस.टी.च्या टपावर चढली. येताना ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती आणि तिचा हात माझ्या मांडीवर होता.

आता तुम्ही विचाराल, का? ती गेली असती तर मी राहिले असते — मी, अण्णा आणि तेलकट पाने. एवढंच. मला ती घरात हवी होती. आणि मला कुणी कधी कुठे बोलावलं नव्हतं, हेही होतंच. दोन्हींतलं जास्त कुठलं, ते मला आजही सांगता येत नाही.

सहा महिने तिने त्या सायकलवर सराव केला. सकाळी हातखंब्यापर्यंत, मग पालीपर्यंत आणि परत. परत आली की दुकानाच्या मागच्या खोलीत थंड फरशीवर उताणी पडायची. बोटांना मुंग्या यायच्या. मान वळायची नाही. मग उजवा गुडघा सुजायला लागला. मी खोबरेल तेल कोमट करून तिची पाठ चोळायची, गुडघा शेकायची. याच हातांनी. तेव्हाही सांगता आलं असतं. ती सायकल विकून दुसरी आणता आली असती, वेळ होता. मी शेक बदलत राहिले. "सवय होईल," म्हणत राहिले. ती म्हणायची, "मीच कमी पडतेय गो."

निवडीच्या दिवशी अर्ध्या वाटेवर तिचा गुडघा धरला. ती उतरली आणि सायकल हातात धरून उरलेला रस्ता चालत आली, असं त्या शिक्षकांनी सांगितलं. तिला मागून येणाऱ्या टेम्पोत बस म्हटलं तर बसली नाही. डोळ्यांत पाणी नव्हतं म्हणे. मी तिथे नव्हते. दुकान बंद ठेवता येत नाही, असं सांगून मी गेले नव्हते.

मग ती घरात राहिली. मला हवी होती तशी. पण गाणं म्हणत तारा मोजणारी, गिऱ्हाइकांच्या नकला करणारी संगी काही राहिली नाही. तीन वर्षांनी तिचं लग्न झालं. नवरा पोफळीला वीजघरात नोकरीला, माणूस चांगला. मांडवातून निघताना ती म्हणाली, "निळी तूच वापर गो, तुझी उंची आहे."

माझी उंची आहे. एका दुपारी शटर अर्धं ओढून मी निळीच्या बाजूला उभी राहिले, बोटं आखाला लावली. सीट बरोबर काखेत आली.

गेल्या मे महिन्यात संगी आली होती, मुलीला घेऊन. केतकी सात वर्षांची आहे. तिला सायकल हवी होती, आणि संगीने पोफळीहून फोनवरच सांगून ठेवलं होतं की ताईच्या हाताखालून गेल्याशिवाय घ्यायची नाही. जावईही बरोबर होते. त्यांना ती कोल्हापूरची गोष्ट पुन्हा सांगत होती — सासरी ती सगळ्यांना सांगते — ताईने एक डोळा मिटून कसं पाहिलं, दुकानदाराची कशी बोलती बंद केली. जावई हसत होते. केतकीने एक डोळा मिटून माझी नक्कल केली.

मी केतकीला मापलं आणि लहान सायकल काढली. संगी म्हणाली, "जरा वाढत्या अंगाची देतेस ना? एका वर्षात लहान होईल ती." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सायकल वाढत्या अंगाची घ्यायची नसते. गुडघे जातात."

संगी माझ्याकडे बघत राहिली. केतकी घंटी वाजवत होती. संगीचा हात स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर गेला, तिला कळलंही नसेल. मला वाटलं, आता. आता ती विचारेल आणि मी सांगेन. मी वाट पाहिली.

तिने विचारलं नाही. तिने मलाच सोडवलं. म्हणाली, "तेव्हा तरी काय करणार होतीस तू? त्या करडीचा चिमटा वाकलेला होता. नाहीतर तू तीच घेतली असतीस."

मी "हो" म्हणाले.

केतकीची सायकल गाडीला बांधली आणि ती मंडळी गेली. मी निळी काढली, शटर ओढलं, भाजी घेऊन घरी आले. रोज तिच्यावरूनच जाते. सायकल उभी ठेवली की गंजते. चढावरही ती छान चालते. माझ्या गुडघ्यांना काही होत नाही.